सायक्लोपियन बांधकाम म्हणजे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अजस्र दगडांची जुनी भिंत दिसली की तिला ‘सायक्लोपियन’ म्हणून मोकळं व्हायची पद्धत हल्ली मराठी लेखांत आणि प्रवासवर्णनांतही दिसते. शब्द सुंदर आहे, पण तो कुठल्याही मोठ्या दगडाला लावायचा शब्द नाही. त्याच्यामागे एक पुराणकथा आहे आणि एक विशिष्ट बांधणीही आहे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की पुढचं सगळंच चुकत जातं.

सायक्लोपियन बांधकाम नेमकं कशाला म्हणतात?

ग्रीसमध्ये कांस्ययुगाच्या अखेरीस, साधारण इ.स.पू. १४०० ते १२०० या काळात, मायसिनी संस्कृतीच्या लोकांनी गडांना ज्या तटबंद्या घातल्या त्यांच्या बांधणीला. ओळखायच्या खुणा चार. धोंडे प्रचंड, बहुतेक चुनखडीचे. घडाई जेमतेम, म्हणजे हातोड्याने ठोकून नको ते कंगोरे उडवले एवढीच. चुना किंवा दुसरा कुठलाही पक्का मसाला नाही. आणि धोंड्यांच्या मधल्या फटींत लहान दगड, चिपा आणि थोडी चिकणमाती. चारही खुणा एकत्र असतील तरच हा शब्द वापरावा. शेवटची खूण लोक सर्रास विसरतात, आणि खरी ओळख तिच्यातच आहे.

हा शब्द आला कुठून?

ग्रीक पुराणातल्या ‘किक्लोप्स’ या राक्षसावरून. ‘किक्लोस’ म्हणजे वर्तुळ आणि ‘ओप्स’ म्हणजे डोळा किंवा चेहरा, म्हणून ‘वाटोळ्या डोळ्याचा’. त्याला कपाळावर एकच डोळा होता हे कथा सांगते, शब्दात ‘एक’ कुठेच नाही. हा शब्द आपल्याकडे इंग्रजीतून आला, त्यामुळे आपण ‘सायक्लॉप्स’, ‘सायक्लोपियन’ म्हणतो.

ग्रीक कथेतल्या ओडिसिअस या वीराला गुहेत कोंडणारा एकडोळ्या राक्षस तोच का हा भिंती बांधणारा गवंडी?

नाही. हा घोटाळा फार जुना आहे, म्हणून नीट सोडवून घेऊ. ग्रीक परंपरेत किक्लोप्स तीन प्रकारचे आहेत.

पहिले प्राचीन ग्रीक कवी हेसिअडने सांगितलेले: ब्रोंटेस, स्टेरोपेस आणि आर्गेस हे आकाश आणि पृथ्वीचे तीन पुत्र. ते लोहार. देवांचा राजा झ्यूस याचं वज्र त्यांनी घडवलं. दुसरे होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यातले, मेंढ्या राखणारे, गुहेत राहणारे, शेती न करणारे. पॉलिफेमस हा त्यांच्यातला. तो काहीही बांधत नाही. गुहेच्या तोंडाशी मात्र तो एक शिळा लावतो आणि ती बावीस चारचाकी गाड्यांनाही हलवता आली नसती, असं होमर म्हणतो. प्रचंड दगड आणि किक्लोप्स यांची सांगड इथेही आहे.

तिसरे आपले गवंडी. टिरिन्स या मायसिनी गडाचा राजा प्रोइटोस याने त्यांना आशिया मायनरमधल्या लिशियातून बोलावलं, ते सात जण होते, असं भूगोलकार स्ट्रेबो नोंदवतो. त्यांना तो एक विलक्षण विशेषण देतो: ‘गास्टेरोखेइरेस’. ‘गास्टेर’ म्हणजे पोट, ‘खेइर’ म्हणजे हात, आणि कारागिरीवर पोट भरणारे म्हणून हे नाव. मराठी वाचकाला ते समजावून सांगावंच लागत नाही, कारण ‘हातावर पोट असलेली माणसं’ हे आपण रोज म्हणतो. राक्षसांच्या कथेत मजुरीने जगणाऱ्या गवंड्यांची अशी आठवण टिकून राहावी, हे या विषयातलं सगळ्यात हृद्य स्थळ आहे.

जुन्या लेखकांनी या भिंती खरंच पाहिल्या होत्या का?

पॉसेनिअस या ग्रीक प्रवासवर्णनकाराने पाहिल्या होत्या. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात तो ग्रीसभर हिंडला. टिरिन्सचा तट न घडवलेल्या दगडांचा आहे, त्यातला लहानात लहान दगडही खेचरांच्या जोडीला जागचा हलवता येणार नाही, आणि मोठ्या दगडांना एकमेकांशी जखडण्यासाठी मध्ये लहान दगड बसवले आहेत, असं त्याने लिहून ठेवलं. आजही व्याख्या करताना याहून फारसं काही जोडावं लागत नाही. मायसिनी या गडाचा तट आणि त्याचा मुख्य दरवाजा, सिंहद्वार, हेही किक्लोप्सांचंच काम मानतात, असं तो म्हणतो.

लोकांना राक्षसच का आठवले?

मधला धागा तुटला होता म्हणून. इ.स.पू. १२०० च्या सुमारास मायसिनी राजवाडे एकामागून एक पडले. त्यांच्याबरोबर त्यांची लिपी गेली, कारभार गेला आणि असले दगड उचलण्याची व्यवस्थाही गेली. पुढची कित्येक शतकं ग्रीसमध्ये घरं माती-विटांची आणि लहान दगडांची होती. अशा माणसाने टिरिन्सच्या तटाकडे पाहिलं, तर हे आपल्यासारख्यांचं काम नव्हे असंच त्याला वाटणार.

आपल्याकडे वेगळं काय झालं? नाशिकजवळच्या बौद्ध लेण्यांना आपण पांडवलेणी म्हणतो. कोरणाऱ्यांची आणि दान देणाऱ्यांची नावं तिथल्या शिलालेखांत आहेत, पण ती लिपी वाचणारं कुणी उरलं नाही तेव्हा लेणी पांडवांची झाली. माल्टामधल्या ‘जगान्तिया’ या अश्मयुगीन देवळाच्या नावाचा संबंधही राक्षसिणीशीच आहे.

मग खरे बांधणारे कोण?

राजवाड्याच्या हुकमतीखालचे गवंडी आणि मजूर. पायलॉसच्या मायसिनी राजवाड्यात सापडलेल्या, लिनिअर बी या त्यांच्याच लिपीतल्या एका मातीच्या पाटीवर त्यांचा धंदाच लिहिलेला आहे: ‘तो-को-दो-मो’, म्हणजे भिंती बांधणारे. बांधकामासाठी कुठे किती माणसं पाठवायची त्याचा तो हिशेब आहे. पायलॉसला २, आणखी दोन ठिकाणी ३-३ आणि चौथ्या ठिकाणी ४, असे एकूण १२. ही कुशल गवंड्यांची गणती. दगड ओढणारे हात याहून कितीतरी जास्त लागत असणार. पण ज्यांना पुढे राक्षस ठरवलं, त्या जातीच्या कारागिरांची हजेरी कुणी कारकुनाने ओल्या मातीवर टिपून ठेवली होती.

अशी भिंत उभी कशी करत?

दगड शक्यतो त्याच टेकडीचा. चुनखडीला मुळात भेगा असतात. त्या भेगांत पाचरी ठोकून आणि तरफ लावून धोंडा सुटा करायचा. तटाच्या रेषेवरची माती काढून कातळ उघडा करायचा. कातळ उतरता असेल तर तो खाचून घ्यायचा, किंवा लहान दगड आणि मातीचा थर देऊन पहिल्या धोंड्याला बैठक करायची. पहिला थर डळमळीत राहिला तर वरचं कुठलंही कौशल्य उपयोगी पडत नाही.

भिंतीला तोंडं दोन, बाहेरचं आणि आतलं. दोन्ही मोठ्या धोंड्यांची, आणि प्रत्येक धोंड्याची त्यातल्या त्यात सपाट बाजू दर्शनी. मधल्या जागेत लहान दगड आणि मातीची भर. दोन्ही तोंडं आणि भर एकाच वेळी वर न्यायची, म्हणजे भरीचाच माथा पुढच्या थरासाठी काम करायला जागा होतो. धोंडे लाकडी घसरगाड्यांवरून दोरांनी, बैलांच्या आणि माणसांच्या बळावर ओढायचे आणि मातीच्या उतारावरून वर चढवायचे. खालच्या दोन धोंड्यांच्या सांध्यावर वरचा धोंडा आला पाहिजे. सांध्यावर सांधा आला की तिथून भिंत उभी फाटते.

आता फटीतल्या चिपा. त्या शोभेच्या नाहीत. अनघड धोंडा खालच्या दगडावर दोन-तीन टोकांवरच टेकतो आणि त्याचं सगळं वजन त्या टोकांवर येतं. तो एकतर डुगडुगतो, नाहीतर कालांतराने तिथेच तडकतो. नेमक्या पोकळीत लहान दगड घट्ट बसवला की टेकायच्या जागा वाढतात आणि भार पसरतो. कोकणात गडगा रचणारा माणूस शेवटी हातोडीने चिपा ठोकत जातो, ते याच कारणासाठी.

भिंतीची जाडी किती असे?

मायसिनीला साधारण साडेपाच मीटरपासून पुढे. टिरिन्सला सात-आठ मीटर, आणि जिथे भिंतीच्या पोटात बोगदे आहेत तिथे सुमारे १७ मीटर.

दगडाचं वजन कसं काढायचं?

लांबी, रुंदी आणि उंची मीटरमध्ये मोजून गुणाकार करा आणि आलेल्या घनमीटरांना २.६ ने गुणा. उत्तर टनांत येईल. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच धोंडा झाला २ घनमीटर, म्हणजे सुमारे ५.२ टन. अनघड दगडाचे कोपरे भरलेले नसतात, म्हणून त्यातून पाचवा हिस्सा वजा केलेला बरा. मोठी चूक होते ती खोलीबाबत. दर्शनी बाजू मोठी दिसली म्हणजे दगड आतही तेवढाच गेलेला असेल असं नाही. भिंत तुटलेल्या ठिकाणी आडवा छेद दिसतो, अंदाज तिथे घ्यावा.

मायसिनीचं सिंहद्वार सायक्लोपियन आहे ना?

काटेकोरपणे पाहिलं तर नाही. इ.स.पू. १२५० च्या सुमारास उभ्या केलेल्या या दरवाजाचे खांब, माथ्याची आडवी शिळा आणि लगतच्या भिंतींची दर्शनी बाजू गोट्यांच्या मिश्रणाने बनलेल्या पिंडाश्माची आहे, आणि ती घडीव चिऱ्यांसारखी सरळ थरांत रचली आहे. माथ्याची शिळा साडेचार मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि ०.८ मीटर जाड आहे. वरचं गणित लावून पाहा: ७.२ घनमीटर, म्हणजे जवळपास १९ टन. ‘वीस टनांची शिळा’ म्हणतात ती हीच.

या शिळेवर भिंतीचा भार पडू नये म्हणून तिच्यावर त्रिकोणी पोकळी सोडली आणि त्या पोकळीत दोन सिंहांचं शिल्प कोरलेली पातळ फरशी बसवली. शिल्प सुंदर आहेच, पण ती जागा आधी भार वळवण्यासाठी आहे. दरवाजाकडे येणाऱ्याच्या उजव्या हाताला बुरूज पुढे काढलेला आहे. ढाल डाव्या हातात असते, त्यामुळे चालून येणाऱ्याची उघडी बाजू बुरुजावरच्यांच्या माऱ्यात येते. गोमुखी दरवाजे पाहिलेल्या मराठी माणसाला हा डाव चटकन कळेल.

मायसिनीत एकाच तटात तीन बांधणी वाचता येतात, म्हणून शिकणाऱ्याने तिथे घाई करू नये. बराचसा तट अनघड चुनखडीचा, तो सायक्लोपियन. दरवाजापाशी घडीव पिंडाश्म. आणि काही ठिकाणी अनेक कोनांचे, एकमेकांत घट्ट बसणारे, फटीत चिपा नसलेले दगड: ही हेलेनिस्टिक, म्हणजे अलेक्झांडरनंतरच्या काळातली डागडुजी. इ.स.पू. ४६८ मध्ये शेजारच्या आर्गोस नगराने मायसिनी जिंकून उद्ध्वस्त केलं होतं, त्यानंतर काही शतकांनी तिथे पुन्हा वस्ती झाली तेव्हाची. तिन्हींना सरसकट एकच नाव दिलं की हा हजार वर्षांचा इतिहास पुसला जातो.

जवळच ‘आट्रिअसचा खजिना’ म्हणून ओळखली जाणारी घुमटाकार कबर आहे. तिच्या दाराच्या माथ्यावरची आतली शिळा सुमारे १२० टनांची मानतात. तीही सायक्लोपियन नाही, कारण ते घडीव काम आहे.

टिरिन्सच्या बोगद्यांची एवढी ख्याती का?

तटाच्या जाडीत लांब वाटा सोडल्या आहेत आणि त्यांना लागून खोल्या: पूर्वेला सहा, दक्षिणेला पाच. छत कमानीचं नाही. दोन्ही बाजूंचे धोंडे थरागणिक थोडे थोडे आत सरकवत आणून वर मिळवले आहेत. आपल्याकडे याला कदलिकाकरण म्हणतात. प्रत्येक दगडाची मागची बाजू भिंतीच्या वजनाखाली दाबलेली असते, म्हणून पुढची बाजू आत झुकूनही पडत नाही. मागचा भार काढला तर मात्र छत खाली येतं.

पूर्वेकडच्या बोगद्यात खालचे दगड आरशासारखे गुळगुळीत झाले आहेत आणि वरचे तसेच खरखरीत आहेत. ती गवंड्याची करामत नव्हे. नंतरच्या शतकांत धनगर तिथे मेंढ्या कोंडत. लोकर घासून घासून, मेंढीच्या उंचीपर्यंतचा दगड झिजला.

ग्रीसमध्ये आणखी कुठे पाहता येईल?

बिओशियातलं ग्ला, तिथला सुमारे तीन किलोमीटरचा तट. आर्गोलिसमधलं मिडिया. एपिडॉरसच्या वाटेवरचा आर्काडिकोचा पूल, २२ मीटर लांब आणि आजही उभा. अथेन्सच्या अक्रोपोलिसवर प्रोपिलाइआच्या, म्हणजे तिथल्या प्रवेशद्वाराच्या, दक्षिण बाजूला जुन्या तटाचा एक तुकडा आहे. इ.स.पू. ४३७ मध्ये सुरू झालेल्या त्या देखण्या संगमरवरी इमारतीचा एक कोपरा या ओबडधोबड भिंतीसाठी तिरका तासला आहे. मायसिनी आणि टिरिन्स १९९९ पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

पेरूतलं साक्सायवामान, लेबननमधलं बालबेक, इटलीतले तट यांना सायक्लोपियन म्हणायचं का?

साक्सायवामान इंकांचं, पंधराव्या शतकातलं. दगड तिथेही अजस्र आहेत, पण ते बहुकोनी घडवून असे चपखल बसवले आहेत की फटीला जागाच नाही. चिपा नाहीत, म्हणजे बांधणी वेगळी. बालबेकच्या तीन प्रसिद्ध शिळा प्रत्येकी सुमारे ८०० टनांच्या, रोमन काळातल्या आणि घडीव. इटलीत लॅटिअम प्रदेशातल्या नोर्बा, सेन्यी, अलात्री इथल्या बहुकोनी तटांना इटालियन माणसं बोलताना ‘सायक्लोपियन’ म्हणतात. तो तिथला रूढ वापर आहे, त्यावरून काळ ठरवू नये. ते तट मायसिनीहून कित्येक शतकं नंतरचे.

राजगीरच्या भिंतीला हे नाव का मिळालं?

कारण तिथे बांधणी खरोखरच जुळते. बिहारमधल्या राजगीरच्या टेकड्यांवरून धावणारा हा तट सुमारे ४० किलोमीटरचा आणि मौर्यांच्या आधीचा मानतात. पाटलीपुत्राआधी मगधाची राजधानी इथे होती. जॉन मार्शल यांनी १९०५-०६ मध्ये या परिसराची पाहणी केली. दोन्ही तोंडांना तीन ते पाच फूट लांबीचे अनघड दगड, मध्ये लहान दगडांची भर, चुना नाही, जाडी बऱ्याच ठिकाणी साडेसतरा फूट. बाणगंगेच्या खिंडीपाशी तो अकरा-बारा फूट उंचीपर्यंत शिल्लक आहे.

यावरून ग्रीक गवंडी मगधात आले होते असा निष्कर्ष काढू नका. जवळच दगड, हाताशी माणूसबळ, टेकडीचा माथा आणि घाई, एवढं जमलं की कुठेही हीच रीत सुचते. हे नाव इंग्रजी राजवटीतल्या अभ्यासकांनी ग्रीक उदाहरणं डोळ्यांपुढे ठेवून दिलं. आपल्या परंपरेत हे गिरिव्रज, जरासंधाचं नगर. इथेही स्थळाला पुराणकथाच चिकटली आहे, फक्त नाव परक्या पुराणातून आलं.

मग हेमाडपंतीला भारतीय सायक्लोपियन म्हणता येईल का?

नाही. चुना नसणं एवढंच दोन्हींत समान आहे. हेमाडपंती कामात दगड टाकीने काटेकोर घडवलेला असतो, खाच-खुंटीने एकमेकांत अडकवलेला असतो आणि सांधा बारीक असतो. मात्र नावाची गंमत दोन्हीकडे सारखी. हेमाद्री हा तेराव्या शतकातल्या यादव राजांचा मंत्री, आणि ज्याला आपण सहज हेमाडपंती म्हणतो ते अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इ.स. १०६० चं, हेमाद्रीच्या सुमारे दोनशे वर्षं आधीचं. सायक्लोपियन काय किंवा हेमाडपंती काय, नावाने बांधणी कळते. बांधणारा कळत नाही.

महापाषाण आणि सायक्लोपियन यांत फरक काय?

महापाषाण म्हणजे मोठे दगड उभे करून किंवा मांडून केलेली स्मारकं, बहुतेक दफनाशी संबंधित. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळं त्यातलीच. तिथे दगड मांडलेले असतात. सायक्लोपियन कामात भिंत रचलेली असते.

सिव्हिलवाले ज्याला सायक्लोपियन काँक्रीट म्हणतात ते काय?

बिनसळईच्या जाड काँक्रीटमध्ये मोठे दगड टाकायचे, म्हणजे सिमेंट वाचतं आणि उष्णताही कमी होते. धरणं, भक्कम पाये आणि धारक भिंतींत हे वापरतात. साइटवर याला प्लम काँक्रीट म्हणतात. भारतीय मानक ४५६ प्रमाणे १६० मिलिमीटरहून मोठे दगड एकूण घनफळाच्या २० टक्क्यांपर्यंत, तेही प्रभारी अभियंत्याने परवानगी दिली तर. ते सारखे पसरलेले असावेत आणि पृष्ठभागापासून किमान १५० मिलिमीटर आत असावेत.

काम बिघडतं ते बहुधा तीन कारणांनी. दगड एकमेकांना टेकून राहतात आणि मध्ये काँक्रीट शिरत नाही. कोरडे तापलेले दगड काँक्रीटमधलं पाणी ओढून घेतात, म्हणून आधी भिजवावेत. किंवा मातीने माखलेले दगड तसेच टाकले जातात आणि काँक्रीट त्यांना धरत नाही. इथे दगड काँक्रीटच्या भरवशावर असतो, मायसिनीत दगड दगडाच्या भरवशावर होता. दोन्हींत नावापलीकडे नातं नाही.

नारू या कृमीरोगाविरुद्धच्या प्रचारात ऐकलेला सायक्लॉप्स तोच का?

नाव त्याच राक्षसाचं. पाण्यातल्या त्या सूक्ष्म जीवाला एकच डोळा असतो. नारूचा प्रसार त्याच्यामार्फत व्हायचा. भारत २००० साली नारूमुक्त जाहीर झाला.

चुन्याशिवायच्या या भिंती तीन हजार वर्षं टिकल्या, मग पडतात कशाने?

पाण्याने आणि मुळांनी. माथा उघडा पडला की पाऊस मधल्या भरीत मुरतो, माती वाहून जाते, भर खाली बसते आणि आतून रेटा येऊन दर्शनी भिंतीला पोट सुटतं. फुगवटा आला की चिपा सैल होऊन गळतात. भिंतीच्या पायथ्याशी ताज्या चिपा पडलेल्या दिसल्या तर तो पहिला इशारा समजावा.

सर्वात वाईट इलाज म्हणजे फटी सिमेंटने लिंपणं. कोरडी भिंत फटींतूनच पाणी बाहेर टाकते. ती वाट बुजवली की पाणी आत तुंबतं आणि रेटा वाढतो. आपल्या किल्ल्यांच्या कोरड्या रचाईच्या तटांनाही हेच लागू आहे. नीट दुरुस्ती म्हणजे धोंड्यांवर क्रमांक घालणं, फोटो घेणं, फुगलेला भाग वरून उतरवणं, भर पुन्हा घट्ट करणं, तेच धोंडे त्याच जागी ठेवणं आणि शेवटी चिपा ठोकणं.

मराठीत कोणता शब्द वापरावा?

पुरातत्त्वाच्या लिखाणात ‘सायक्लोपियन’ ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘अनघड धोंड्यांची, चिपा भरलेली कोरडी रचाई’ अशी फोड द्यावी. ‘राक्षसी बांधकाम’ टाळावं, मराठीत त्याला भलताच अर्थ चिकटतो. आणि दगड नुसता मोठा असेल, बाकीच्या खुणा नसतील, तर ‘अजस्र दगडांची भिंत’ हे साधं वर्णन पुरतं.